बाप्तिस्मा एकदाच

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातल्या दोन मुलांना आपापल्या बाप्तिस्म्याचा दाखला काढावा लागला. भाच्याचे लग्न कॅथलिक मुलीशी ठरले, तेव्हा तिच्या पॅरिशच्या फादरांनी त्याच्याकडे दाखला मागितला, त्यावरची तारीख आणि पाळकांची सही पाहिली, बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला होता ना एवढे विचारले, आणि कागद फाइलीत ठेवून दिला. पुतणी काही वर्षांपासून शहरातल्या एका नव्या स्वतंत्र फेलोशिपमध्ये जाते. तिथे सभासद होण्यासाठी ती दाखला घेऊन गेली, तेव्हा तिला सांगण्यात आले की तान्ह्या मुलाच्या कपाळावर शिंपडलेल्या पाण्याला काही अर्थ नाही, तारणाची खात्री हवी असेल तर टाकीत उतरून खरा बाप्तिस्मा घ्यावा लागेल. दोन्ही दाखले एकाच चर्चच्या एकाच नोंदवहीतून निघाले होते. ज्या रोमन चर्चपासून आपण वेगळे झालो, असे आम्हाला रविवारच्या शाळेत शिकवले गेले, त्या चर्चने आमच्या पाळकांचे काम खरे मानले. आणि जे स्वतःला सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या धर्मसुधारणेचे खरे वारस समजतात त्यांनी ते रद्द ठरवले.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की बाप्तिस्मा आणि तारण यांविषयीचा कॅथलिक-प्रॉटेस्टंट वाद आपण जिथे आहे असे समजतो तिथे तो नाही, आणि जिथे खरोखर आहे तिथे आपण तो नीट घालत नाही. पाण्याने आणि त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या, नावाने एकदा झालेला बाप्तिस्मा कोणत्याही मंडळीने पुन्हा करू नये, आणि इंदूरमधल्या मंडळ्यांनी हे एकमेकींना लेखी कळवावे, असे माझे म्हणणे आहे. तारणाविषयीचे मतभेद मिटले आहेत असे भासवावे, असे मात्र मी म्हणत नाही.

इंदूरच्या मराठी ख्रिस्ती माणसाच्या डोळ्यांसमोर हा वाद दोन इमारतींच्या रूपाने लहानपणापासून उभा असतो. रेसिडेन्सीच्या बाजूचे १८५८ मधले सेंट ॲन्स, ज्याला सारे गाव व्हाइट चर्च म्हणते, ते मूळचे अँग्लिकन आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. तिथून फार लांब नसलेले रेड चर्च हे कॅथलिक धर्मप्रांताचे कॅथेड्रल. १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशन इथे आले, त्याने शाळा आणि दवाखाने काढले, १८८७ मध्ये ख्रिश्चन कॉलेज सुरू केले, आणि नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये वाढलेले माझे आजोबा कंपाउंडर म्हणून इंदूरला आले ते याच मिशनच्या दवाखान्यात. आजी तिथेच नर्स होती. आमच्या घरात मराठी बायबल वाचले जाई आणि चर्चबाहेर पडले की हिंदी सुरू होई, त्यामुळे आतला ‘बाप्तिस्मा’ बाहेर ‘बपतिस्मा’ होत असे आणि आतले ‘तारण’ बाहेर ‘उद्धार’ होत असे.

या दुसऱ्या शब्दाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे. ‘तारण’ या शब्दात मात्र पाणी आहे: तरणे, तारणे, तारू. भवसागर तरून जाण्याची भाषा मराठी माणसाला अभंगांतून अंगवळणी पडलेली आहे, आणि मराठी बायबलात नोहाच्या जहाजालाही ‘तारू’ हाच शब्द आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात त्याच तारवात बाप्तिस्म्याचे पूर्वचित्र पाहिलेले आहे. पण मराठीत ‘तारण’ला दुसराही अर्थ आहे, आणि तो सावकाराच्या पेढीवरचा आहे: कर्जाला तारण म्हणून शेत लिहून दिले, असे आपण म्हणतो. इफिसकरांस पत्रातही पवित्र आत्म्याविषयी बोलताना शिक्का, विसार आणि वतन हेच व्यवहारातले शब्द येतात. बाप्तिस्मा म्हणजे माणसाला प्रत्यक्ष पार नेणारे तारू, की पार नेण्याच्या वचनावर उमटवलेला शिक्का? कॅथलिक परंपरा आणि धर्मसुधारणेचा आरंभ करणाऱ्या लूथरची परंपरा पहिल्या चित्राजवळ आहेत, त्याच्यानंतरचा सुधारक कॅल्व्हिन याच्या मार्गाने आलेली आमची प्रेस्बिटेरियन परंपरा दुसऱ्या चित्राजवळ. दोन्ही चित्रांत एक गोष्ट समान आहे. तारू प्रवासी बांधत नाही, आणि दस्तावर शिक्का घेणारा उमटवत नाही, देणारा उमटवतो.

आमच्याकडे कॅथलिकांविषयी जे बोलले जाते त्यातले बरेचसे त्यांच्या शिकवणीला धरून नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. “त्यांच्यात पाणी ओतले की आपोआप तारण, मग कसेही वागा,” हे वाक्य मी प्रॉटेस्टंट घरांतून असंख्य वेळा ऐकले आहे. संस्कार स्वतःच्या कृतीने फलद्रूप होतो, असे कॅथलिक चर्च म्हणते हे खरे. परंतु त्याचा रोख संस्कार देणाऱ्याच्या पुण्याईविरुद्ध आहे, घेणाऱ्याच्या विश्वासाविरुद्ध नाही. फादर पापी असला तरी बाप्तिस्मा पोकळ ठरत नाही, कारण करणारा ख्रिस्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. धर्मसुधारणेला उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये माणूस देवापुढे नीतिमान ठरवला जाण्याविषयीचा आपला निर्णय दिला. त्यात बाप्तिस्म्याला त्याचे साधन म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात त्याला विश्वासाचा संस्कार असेही म्हटले आहे, ज्या विश्वासावाचून कोणीही कधी नीतिमान ठरलेला नाही. त्याच निर्णयात पुढे असेही आहे की नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कृत्ये, ती कृपा मिळवून देण्यास पात्र नसते. कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी माणूस नीतिमान ठरतो असे म्हणणाऱ्याला तर पहिल्याच नियमात शाप दिला आहे. माणूस कमाई करून देवाच्या दारात शिरतो, असे ट्रेंटने शिकवलेले नाही.

कॅथलिकांकडे आमच्याविषयीचा गैरसमजही तितकाच जुना आहे. प्रॉटेस्टंटांना बाप्तिस्मा म्हणजे नुसते नाव ठेवणे वाटते, असे तिकडचे शेजारी समजतात. सुधारकांपैकी लूथरने असे कधीच म्हटले नाही. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबात बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक आहे, त्यातून देवाची कृपा देऊ केली जाते आणि मुलांना तो दिला पाहिजे, असे स्पष्ट लिहिले आहे. कॅल्व्हिनला कृपा पाण्याला जखडलेली मान्य नव्हती. पण बाप्तिस्मा रिकामे चिन्ह आहे हेही त्याला मान्य नव्हते. त्याच्या वळणावर सतराव्या शतकात तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात, जो आमच्या मिशनने बरोबर आणला, दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: बाप्तिस्म्याची हेळसांड करणे मोठे पाप आहे, तरी तारण त्याला असे बांधलेले नाही की त्यावाचून कोणीच तारला जाऊ नये. येशूकडून सुखलोकाचे वचन मिळालेल्या वधस्तंभावरच्या चोराला पाणी मिळाले नव्हते, आणि प्रेषितांच्या कृत्यांतल्या कर्नेल्याच्या घरी आत्मा पाण्याच्या आधी उतरला होता.

मग खरी भेग कुठे आहे? ती २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये पडली. त्या संध्याकाळी कॉनराड ग्रेबेलने गेऑर्ग ब्लाउरॉकला, ज्याचा बाप्तिस्मा लहानपणी झालेला होता, पुन्हा बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्मा ही समजत्या माणसाने दिलेली साक्ष आहे, म्हणून अजाण मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, ही भूमिका तिथून युरोपभर गेली. तिच्या विरोधात लिहिताना मला एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. दोनच वर्षांत, जानेवारी १५२७ मध्ये, झुरिकच्या प्रॉटेस्टंट नगरसभेने त्यांच्यापैकी फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारले, आणि १५२९ मध्ये श्पायरच्या सभेत कॅथलिक आणि लूथरन राज्यकर्ते ज्या थोड्या गोष्टींवर एकत्र आले त्यांत पुन्हा बाप्तिस्मा देणाऱ्यांना देहदंड ही एक होती. पाण्याबद्दलच्या मताची शिक्षा पाण्याने देणारे आमचेच पूर्वज होते. म्हणून टाकीतल्या बाप्तिस्म्यावर बोलताना आवाज चढवण्याचा अधिकार आम्हाला नाही, फक्त युक्तिवाद करण्याचा आहे.

तो युक्तिवाद सोळाव्या शतकाहून पुष्कळ जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन असे मानत असे की चर्चबाहेरच्या पंथांनी दिलेला बाप्तिस्मा मुळात बाप्तिस्माच नाही, आणि २५६ मध्ये सत्त्याऐंशी बिशपांनी त्याच्या बाजूने मत दिले. रोमचा बिशप स्टीफन याने ते मानले नाही. परत येणाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना स्वीकारा, पाणी पुन्हा घेऊ नका, असे त्याने सांगितले. सिप्रियन दोन वर्षांनी हुतात्मा झाला आणि आजही सगळे त्याचा आदर करतात, परंतु या एका प्रश्नात पाश्चात्त्य चर्चने त्याचे ऐकले नाही. पुढे पतित पाळकाचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या डोनाटसच्या अनुयायांशी वाद घालताना बिशप ऑगस्टिनने त्यामागचे कारण सांगितले: पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, विश्वासघातकी यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. ज्याने पाणी ओतले त्याच्या मतांची किंवा चारित्र्याची चौकशी करून बाप्तिस्म्याची किंमत ठरवू लागलो, तर जगात एकाही माणसाला आपल्या बाप्तिस्म्याची खात्री उरणार नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे की दोन्ही बाजू एकमेकींना शाप देत होत्या त्याच वर्षांत हे सूत्र दोघींनीही सोडले नाही. मार्च १५४७ मध्ये ट्रेंटने ठरवले की पाखंडी माणसानेही पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, चर्च जे करते ते करण्याच्या हेतूने दिलेला बाप्तिस्मा खरा आहे, आणि हे नाकारणारा शापित असो. ‘पाखंडी’ म्हणून त्यांच्या मनात कोण होते हे सांगायला नको. तिकडे लूथर पोपला ख्रिस्तविरोधक म्हणत होता, आणि तरीही १५२८ मध्ये दोन पाळकांना लिहिलेल्या पत्रात त्याने पोपच्या चर्चमधला बाप्तिस्मा खरा मानला आणि पुनर्बाप्तिस्म्याला विरोध केला. त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा जन्माच्या दुसऱ्या दिवशी, ११ नोव्हेंबर १४८३ रोजी, आइस्लेबेनच्या कॅथलिक चर्चमध्ये झाला होता. संत मार्टिनचा सण म्हणून त्याचे नाव मार्टिन पडले. तोच बाप्तिस्मा त्याला आयुष्यभर पुरला. शंकेने मन घेरले की ‘पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे’ असे म्हणावे, हे त्याने लोकांना शिकवले. कॅल्व्हिननेही पोपच्या अमलाखाली झालेला आपला बाप्तिस्मा माणसाचा नव्हे तर देवाचा होता, असेच लिहिले. जो आज लूथरचे नाव घेऊन पुतणीला टाकीत उतरायला सांगतो, त्याने हे वाचायला हवे.

फेलोशिपवाल्यांची बाजू दुबळी करून मांडण्यात अर्थ नाही. पुतणीने ती मला ज्या कळकळीने सांगितली त्या कळकळीनेच मी ती इथे देतो. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्मा हा बारशाचा सोहळा होऊन बसला आहे. केक, फोटो, जेवण, आणि मग थेट लग्नातच चर्चचे तोंड पाहणारे लोक कमी नाहीत. प्रेषितांच्या कृत्यांत आधी ऐकणे, मग विश्वास, मग पाणी असा क्रम पुन्हा पुन्हा येतो. एफिसमध्ये पौलाने काही शिष्यांना दुसऱ्यांदा बाप्तिस्मा दिलाच ना, असेही ती विचारते. तिच्या पहिल्या तक्रारीपुढे मी मान खाली घालतो. दृढीकरणाच्या वर्गात मुलांकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली आणि आपले काम झाले, असे आम्हीच मानत आलो, आणि त्या पोकळीत फेलोशिप शिरली आहे. परंतु एफिसचे शिष्य योहानाचा बाप्तिस्मा घेतलेले होते, पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकले नव्हते. त्रैक्याच्या नावाने पाणी घेतलेल्या मुलीशी त्यांची तुलना होत नाही. आणि क्रमाचे म्हणाल, तर ती पहिल्या पिढीची हकीकत आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच्या घरच्या सर्वांसह झाला, हेही त्याच पुस्तकात आहे.

पाणी आधी आणि जागृती नंतर, हा अनुभव मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यांना सुमारे आठ वर्षांनी कळले, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्या तर अजाण नव्हत्या. त्या काळातल्या सर्वांत विद्वान स्त्रियांपैकी एक होत्या आणि विचार करून पाण्यापर्यंत आल्या होत्या. प्रौढाच्या बाप्तिस्म्यातही विधी आणि हृदय यांच्यात वर्षांचे अंतर पडू शकते, मग वय वाढवून तो प्रश्न कसा सुटेल? वेस्टमिन्स्टरच्या कबुलीजबाबात याचे उत्तर आहे: बाप्तिस्म्याचे फळ तो दिला गेला त्या क्षणाला बांधलेले नसते. शिक्का आज उमटतो, वतनाचा ताबा पुढे मिळतो, आणि ताबा मिळाला त्या दिवशी कोणी दस्त फाडून नवा करत नाही.

याहून गंभीर आक्षेप मला वेगळा दिसतो. पुतणीला टाकीचे आमंत्रण दिले गेले ते तारणाच्या खात्रीसाठी. तिने ठरवायचे, तिने साक्ष द्यायची, तिने उतरायचे, आणि त्यावर खात्री उभारायची. उद्या ती साक्ष देताना आपले मन खरोखर पालटले होते की नाही अशी शंका आली, तर तिसऱ्यांदा उतरायचे काय? कॅथलिक लोक कृत्यांनी तारण कमावतात असा ज्यांचा आरोप आहे, त्यांनीच माणसाच्या निर्णयाला असे कृत्य बनवून ठेवले आहे. विश्वासानेच तारण, हे तत्त्व मी मनापासून मानतो, आणि म्हणूनच म्हणतो की जिथे माणूस काहीच करू शकत नाही, केवळ कोणाच्या तरी हातांत असतो, असा तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा त्या तत्त्वाचे सर्वांत स्वच्छ चित्र आहे.

कॅथलिक आणि आमच्यातला खरा वाद पाणी पुसल्यानंतर सुरू होतो. बाप्तिस्मा झालेल्या माणसाने गंभीर पाप केले तर काय? कॅथलिक शिकवणीप्रमाणे प्राणघातक पापाने ती कृपा गमावली जाते आणि पापनिवेदनाच्या संस्काराने परत मिळते. संत जेरोमच्या शब्दांत, फुटलेल्या जहाजानंतर हाती लागलेली ती दुसरी फळी. लूथरला ही उपमा सहन झाली नाही. जहाज फुटत नाही, त्याने लिहिले. फुटू शकत नाही, कारण ते देवाचे आहे. आपण पाण्यात पडतो, तर पोहत परत यायचे आणि त्याच तारवाला धरायचे. पश्चात्ताप म्हणजे बाप्तिस्म्याकडे परतणे, त्याहून वेगळे काही नाही. इथे मी निःसंदिग्धपणे लूथरच्या बाजूचा आहे. ‘तारण’ हा शब्द ओठांवर घेऊन वाढलेल्या माणसाला फुटणारे तारू पटणे अवघड आहे. पण कॅथलिकांचा प्रतिप्रश्नही पोकळ नाही: जहाज फुटत नाही म्हणून निर्धास्त झालेला माणूस पोहायला तरी का लागेल? कृत्यांवाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणारे याकोबाचे पत्र त्यांच्या हातात आहे, आणि आमच्या मंडळ्यांतला सुस्तपणा त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शिवाय आपले तारण नक्की झाले आहे, असे माणूस विश्वासाच्या निश्चितीने म्हणू शकतो का, यावर ट्रेंटने नाही म्हटले आणि सुधारकांनी होय म्हटले. पुण्य, शुद्धिस्थान, संतांची मध्यस्थी हे सारे प्रश्न याच मुळाशी येऊन मिळतात. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्यात आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, असे दोघांनी एका तोंडाने म्हटले. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये तीत सामील झाल्या. राहिलेले मतभेद त्या घोषणेने नाकारलेले नाहीत, आणि तेच तिचे बळ आहे.

आता आजीविषयी. साल नक्की ठाऊक नाही. इंदूरचा कॅथलिक धर्मप्रांत १९५२ मध्ये झाला त्याच्या आसपासचे. रात्रपाळीत एका गोव्याकडच्या बाईला सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि तो जगेल असे कोणालाच वाटेना. बाई रडत एकच म्हणत होती की फादरांना बोलवा. पाऊस होता, बोलवायला माणूस नव्हता. बाप्तिस्म्यावाचून गेलेले मूल देवाच्या दर्शनाला मुकते आणि लिंबोत राहते, असे त्या काळी सर्रास सांगितले जाई. तो कधीच बंधनकारक सिद्धान्त नव्हता, पण आयांच्या छातीवर तो धोंडा होताच. २००७ मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ कारणे आहेत असे म्हटले, आणि देवाने तारण संस्काराला बांधले असले तरी तो स्वतः संस्कारांनी बांधलेला नाही, असे त्यांच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही आहे. त्या रात्री यातले काही हाताशी नव्हते. आजीला स्वतःला त्या बाळाच्या तारणाची चिंता नव्हती. ते देवाच्या हातांत आहेच, असे तिची मंडळी तिला शिकवत आली होती. तिच्याच मंडळीचा नियम असाही होता की बाप्तिस्मा फक्त दीक्षित पाळकाने द्यावा. सुईणींनी दिलेल्या बाप्तिस्म्याला कॅल्व्हिनचा कडक विरोध होता. कॅथलिक नियम याच्या उलट: जीव धोक्यात असेल तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेलाही, पाणी ओतू शकतो. आजीने उकळून गार केलेले पाणी वाटीत घेतले, बाळाच्या डोक्यावर तीनदा ओतले आणि तिला पाठ असलेले मराठीतले शब्द म्हटले. पाळकांना कळले तेव्हा त्यांनी तिला बोलावून समज दिली.

आमच्या परंपरेचा नियम त्या रात्री तोकडा पडला, असे मला वाटते. पाळकाखेरीज कोणी देऊ नये याला शिस्तीचे कारण आहे. पण देणारा ख्रिस्त आहे हे एकदा मानले, की वाटी कोणाच्या हातात आहे हा प्रश्न दुय्यम होतो, आणि ते कॅथलिक चर्चने आमच्याहून सुसंगतपणे ओळखले.

या शहरात काय करता येईल ते अवघड नाही. जर्मनीत २९ एप्रिल २००७ रोजी माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लूथरन, रिफॉर्म्ड, अँग्लिकन अशा अकरा चर्चांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. त्यांत प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या मंडळ्या नव्हत्या, कारण त्यांची अडचण प्रामाणिक होती. आपल्याकडे याहून पुढचा प्रयोग झालेला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियनांबरोबर बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्सही त्यात आले, आणि बालकांचा बाप्तिस्मा व प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय एकाच चर्चमध्ये मान्य झाले. ज्यांना मुलाचा बाप्तिस्मा पुढे ढकलायचा आहे त्यांनी ढकलावा. झालेला पुसू नये. तेव्हा इंदूरच्या कॅथलिक धर्मप्रांताने आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने तरी निवेदन लिहावे, दाखल्याचा नमुना एक करावा, त्यावर पाणी आणि त्रैक्याचे नाव यांचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि कोणाकडे दाखला नसेल तर चौकशी झाल्यावाचून ‘झाला नसेल तर देतो’ असा सशर्त बाप्तिस्मा उरकू नये. मिश्र विवाहात मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन आपल्याच चर्चमध्ये व्हावे यासाठी शक्य ते करण्याचे वचन कॅथलिक पक्षाकडून घेतले जाते. त्याबद्दल मला आमच्या कॅथलिक मित्रांशी अजून बोलायचे आहे, कारण बाप्तिस्मा एकच असेल तर तो ओढाताणीची वस्तू होऊ नये. फेलोशिपच्या पाळकांनाही या बैठकीला बोलवावे. ते सही करणार नाहीत कदाचित, पण दुसऱ्याच्या मंडळीतल्या मुलीला टाकीपाशी नेण्याआधी तिच्या पाळकांशी बोलण्याचे तरी कबूल करतील.

याला एक बाहेरचेही कारण आहे. मध्य प्रदेशात १९६८ पासून धर्मांतराविषयी कायदा आहे आणि २०२१ मध्ये तो अधिक कडक झाला. आमच्या शेजाऱ्यांना ‘बपतिस्मा’ म्हणजे धर्म बदलणे एवढेच ठाऊक असते. एक ख्रिस्ती मंडळी दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीतल्या माणसाला पुन्हा बाप्तिस्मा देते, तेव्हा ती त्या शेजाऱ्याचेच म्हणणे खरे करते: तू आजवर आमच्या धर्माची नव्हतीस, आता झालीस. कृपेच्या खुणेला आपणच पक्षांतराची पावती करून टाकतो.

पुतणीने अजून निर्णय घेतलेला नाही. मी तिच्याशी बोललो, तेव्हा धर्मशास्त्रापेक्षा तिने आजीच्या हकीकतीचा शेवट जास्त लक्ष देऊन ऐकला. ते मूल जगले. महिन्याभराने त्याला घेऊन आईबाप चर्चमध्ये गेले, तेव्हा परदेशी फादरांनी आजीला निरोप पाठवून बोलावून घेतले. शंका आली की सशर्त बाप्तिस्मा देऊन टाकण्याचा तो काळ होता, पण त्यांनी चौकशी करण्याचे ठरवले. पाणी डोक्यावरून वाहिले होते का, शब्द कोणते म्हटले, पाणी ओतताना म्हटले की नंतर, असे त्यांनी विचारले. आजीने मराठीत शब्द म्हणून दाखवले आणि त्यांना मराठी येत नसल्याने हिंदीत अर्थ सांगितला. मग त्यांनी विचारले की तुम्ही आमच्या चर्चच्या नाही, तर ते करताना तुमच्या मनात काय करायचे होते? ती म्हणाली, या बाईच्या मंडळीत जे करतात तेच. फादरांनी नोंदवहीत बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात तिचे नाव लिहिले, बाळाला तेल लावले, पांढरे वस्त्र घातले, मेणबत्ती पेटवून बापाच्या हातात दिली, आणि पाणी पुन्हा घेतले नाही.